प्राण्यासोबत त्याची जागाही वर आली पाहिजे

हा प्रश्न नागपूरच्या एका विद्यार्थिनीचा आहे. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्राणिशास्त्र घेतलंय. ती विचारते: "मॅडम, खोल समुद्रातल्या विचित्र प्राण्यांचे व्हिडिओ मी खूप बघते. संशोधन जहाजावर गेल्यावर हे प्राणी नेमके कसे शोधतात? ते इतके विचित्र का असतात? आणि जिथून समुद्र सातआठशे किलोमीटर लांब आहे, त्या आपल्या नागपुरातून कुणी तिथे पोहोचू शकतं का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: पोहोचू शकतं. माझं शिक्षण नागपुरातच झालं, नोकरी सगळी समुद्रावर झाली आणि निवृत्त झाल्यावर मी पुन्हा इथेच राहायला आले. बाकीचे दोन प्रश्न मात्र एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून ते एकत्रच घेते.

ब्लॉबफिशचा तो प्रसिद्ध फोटो तू पाहिलेला असणारच. गुलाबी अंग, लोंबतं नाक, रडवेलं तोंड. २०१३ मध्ये एका जाहीर मतदानात या माशाला जगातला सर्वांत कुरूप प्राणी ठरवलं गेलं. फोटोतला मासा २००३ मध्ये न्यूझीलंडच्या वायव्येकडच्या समुद्रात, एका मोहिमेत, हजार मीटरहून जास्त खोलीवरून ट्रॉलच्या, म्हणजे जहाजामागे ओढत नेण्याच्या जाळ्यात आला होता. या माशाला हवेची पिशवी नसते. स्नायू थोडे, अंग जेलीसारखं आणि पाण्यापेक्षा किंचित हलकं. त्यामुळे फारशी ताकद न लावता तो तळाच्या जरासा वर तरंगतो आणि तोंडापुढे येईल ते खातो. त्याच्या अंगाला आकार देण्याचं निम्मं काम भोवतीचं पाणी करतं. जाळ्यात रगडला जाऊन तो डेकवर पडला आणि पाण्याचा आधार गेला, की तेच अंग ढासळतं. खाली जाऊन केलेल्या चित्रीकरणात हे मासे मोठ्या डोक्याचे, नीट बांध्याचे दिसतात. ज्या चेहऱ्याला लोक हसले तो चेहरा त्याला आपण दिला.

याच्या उलट उदाहरण मॅक्रोपिना मायक्रोस्टोमा या माशाचं. त्याचं वर्णन १९३९ मध्ये झालं. डोळे नळीसारखे आणि वर रोखलेले, तोंड मात्र पुढे आणि इवलंसं. डोळे कायम वर असतील तर तोंडासमोरचं भक्ष्य त्याला दिसतं कसं, हे कोडं जवळजवळ सत्तर वर्षं सुटलं नाही. मग कॅलिफोर्नियातल्या माँटेरे उपसागराकाठच्या संशोधकांनी दूरनियंत्रित वाहनाच्या कॅमेऱ्याने सहाशे ते आठशे मीटरवर तो जिवंत पाहिला. त्याच्या डोक्यावर द्रवाने भरलेलं पारदर्शक आवरण होतं आणि हिरवे डोळे त्या आवरणाच्या आत वरून पुढे फिरत होते. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आधीच्या सगळ्या नमुन्यांमध्ये ते आवरण जाळ्यात फाटून गेलं होतं, म्हणून कुणाच्या चित्रातही नव्हतं. ब्लॉबफिशच्या बाबतीत जाळ्याने विचित्रपणा वाढवला. इथे प्राण्याची सर्वांत महत्त्वाची गोष्टच जाळ्याने पुसून टाकली.

म्हणून जहाजावर नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगत आले आहे: प्राणी वर आणला की काम निम्मं होतं. त्याच्यासोबत त्याची जागाही वर आली पाहिजे. किती खोली, पाण्याचं तापमान, ऑक्सिजन किती, गाळ कसला, दिवस की रात्र, शेजारी कोण होतं. हे सगळं बाटलीत भरता येत नाही, पण लिहिता येतं, मोजता येतं. खोल समुद्रातला एकही प्राणी त्याच्या जागेवर विचित्र नसतो.

दाबाचंच बघ. दर दहा मीटरला एक वातावरण इतका दाब वाढतो. चार हजार मीटरवर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ४०० किलोचा भार. तरीही प्राणी चिरडत नाहीत, कारण त्यांच्या आत आणि बाहेर पाणीच असतं आणि पाणी फारसं दबत नाही. दाबाचा खरा त्रास होतो तो पेशींतल्या प्रथिनांना, त्यांची घडी बिघडते. त्यावर उपाय म्हणून खोल पाण्यातले मासे अंगात टीएमएओ नावाचा छोटा रेणू साठवतात. खोली वाढते तसं त्याचं प्रमाण वाढतं. पण एका मर्यादेनंतर तो इतका साठतो की मासा समुद्राच्या पाण्यापेक्षा खारट होईल आणि बाहेरचं पाणी आत शिरू लागेल. या हिशेबावरून संशोधकांनी आधीच म्हटलं होतं की साधारण ८,२०० ते ८,४०० मीटरच्या खाली मासा जगू शकणार नाही. २०२२ मध्ये जपानजवळच्या इझू-ओगासावारा गर्तेत स्नेलफिशचं चित्रण झालं ते ८,३३६ मीटरवर. त्याहून खाली आजवर मासा दिसलेला नाही. अशी भाकितं खरी ठरतात तेव्हा मला जो आनंद होतो तो नव्या जातीच्या शोधापेक्षाही मोठा असतो. (समुद्री मासळी शिळी झाली की जो वास सुटतो तो याच टीएमएओचा. मेल्यावर जिवाणू त्याचं रूपांतर करतात.)

उजेडाचंही तसंच. दोनशे मीटरच्या खाली संधिप्रकाश, हजार मीटरच्या खाली सूर्याचा उजेड नाहीच. लाल रंग तर वरच्या काही मीटरांतच शोषला जातो. त्यामुळे डेकवरच्या ट्यूबलाइटखाली डोळ्यांत भरणारी लालभडक कोळंबी तिच्या घरी काळी असते, म्हणजे अदृश्य. काही मासे तर इतके काळे असतात की अंगावर पडलेल्या उजेडातला अर्धा टक्काही परत येत नाही. असे मासे २०२० मध्ये मोजून दाखवले गेले. त्यांचे फोटो काढणं ही आम्हा सगळ्यांची डोकेदुखी असते. आणि अन्न? पृष्ठभागावर तयार होणाऱ्या अन्नातला शंभरातला जेमतेम एक हिस्सा खोल तळापर्यंत पोहोचतो. बॅथिनोमस हा आपल्या बंगालच्या उपसागरातही आढळणारा फूटभर लांबीचा प्राणी, कुंडीखाली ओलीत सापडणाऱ्या, हात लावला की गोळी होणाऱ्या किड्याचा नातेवाईक. जपानच्या तोबा मत्स्यालयातल्या एका बॅथिनोमसने २००९ पासून २०१४ मध्ये मरेपर्यंत पाच वर्षांहून जास्त काळ काही खाल्लं नव्हतं. वर्तमानपत्रांना तो चमत्कार वाटला. जिथे पुढचं मोठं जेवण कधी पडेल याचा नेम नाही, तिथल्या प्राण्याकडून मला दुसरी अपेक्षा नाही.

आता जहाजावरचं काम. आपल्याकडे या कामासाठी जुनं आणि लाडकं जहाज म्हणजे सागर संपदा. १९८४ मध्ये आलं, कोचीच्या सागरी जीवसंपदा केंद्राचं काम त्यावर चालतं. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेकडे सागर निधी आहे. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून या क्षेत्रात आहे. त्याही आधी, १८८१ पासून, इन्व्हेस्टिगेटर नावाचं सर्वेक्षण जहाज आपल्या समुद्रांत फिरत होतं. त्यावरचे डॉक्टर आणि निसर्गशास्त्रज्ञ आल्कॉक यांनी जमवलेले खोल समुद्रातले प्राणी कोलकात्यात ठेवले गेले आणि अभ्यासकांना आजही तिथे जावं लागतं.

जहाजाचा वेळ महाग, म्हणून काम चोवीस तास चालतं आणि माणसं वॉचमध्ये, म्हणजे पाळ्यांमध्ये, विभागलेली असतात. ठरलेल्या जागेला स्टेशन म्हणतात. स्टेशनवर पोहोचलं की आधी सीटीडी नावाचं उपकरण खाली जातं. ते क्षारता, तापमान आणि खोली मोजत जातं, सोबत ऑक्सिजनचा सेन्सर असतो आणि भोवती पाण्याचे नमुने घेणाऱ्या बाटल्या. नवख्यांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, त्यांना जाळं कधी पडतंय याची घाई असते. पण हा आलेख हातात नसेल तर जाळ्यात आलेल्या कशाचाच अर्थ लागत नाही.

अरबी समुद्रात हे फार स्पष्ट कळतं. इथे साधारण दीडशे मीटरपासून हजार-बाराशे मीटरपर्यंत पाण्यात ऑक्सिजन जवळपास नसतोच. जगातल्या सर्वांत तीव्र अशा कमी ऑक्सिजनच्या पट्ट्यांपैकी हा एक. वरचं पाणी अतिशय सुपीक, मेलेलं जैविक द्रव्य सतत खाली पडतं, ते कुजवताना जिवाणू ऑक्सिजन संपवतात आणि ताजं पाणी तिथे हळूहळू पोहोचतं. अशा पाण्यात कुणी राहणार नाही असं वाटेल. पण दुपारी इको साउंडरच्या, म्हणजे आवाज खाली सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर दोनशे ते चारशे मीटरच्या मधोमध एक जाड पट्टा दिसतो. सूर्य कलला की तो पट्टा वर सरकायला लागतो. अंधार पडेपर्यंत पृष्ठभागाजवळ येतो आणि पहाटे पुन्हा खाली जातो. हे कंदीलमासे, मिक्टोफिड. बोटभर लांबीचे, पोटावर आणि कुशीवर प्रकाशाचे ठिपके. सोबत कोळंबीच्या जाती, लहान माखळ्या. दुसऱ्या महायुद्धात सोनारवर असाच पट्टा दिसला तेव्हा तो समुद्राचा तळ आहे असा समज झाला होता.

कंदीलमासे दिवसभर त्या गुदमरवणाऱ्या पाण्यात का थांबतात? कारण त्यांना खाणारे मोठे, चपळ मासे तिथे टिकत नाहीत. ते कमी हालचाल करून दिवस काढतात आणि रात्री वर येऊन खातात. हे कळायला तीन गोष्टी एकाच वेळी हातात लागतात: ऑक्सिजनचा आलेख, साउंडरवरचा पट्टा आणि वेगवेगळ्या खोलीवर उघडून बंद होणारं जाळं. नुसतं उघडं जाळं ओढलं तर वर येताना ते प्रत्येक थरातून काही ना काही गोळा करतं आणि कोण कुठला होता ते कळत नाही. माझ्या सगळ्या कामात मला सर्वांत प्रिय तास म्हणजे संध्याकाळी साउंडरसमोरचा. पडद्यावर समुद्रातलं एवढं मोठं स्थलांतर वर येताना बघायचं आणि जाळ्याची वेळ ठरवायची.

तळाचं काम अगदी वेगळं. विषुववृत्ताच्या दक्षिणेला मध्य हिंद महासागराच्या खोऱ्यात सरासरी पाच हजार मीटरहून जास्त खोलीवर मुठीएवढे धातूंचे गोळे पसरलेले आहेत. मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट. दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर या गतीने वाढलेले. १९८७ मध्ये भारताला तिथे अग्रणी गुंतवणूकदाराचा दर्जा मिळाला, २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार झाला आणि आज ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र आपल्याकडे आहे. तिथले प्राणी मोजायला बॉक्स कोरर लागतो, म्हणजे अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद अशी गाळाची अख्खी वडी कापून आणणारी पेटी. विंच, म्हणजे वायर गुंडाळणारं यंत्र, सेकंदाला साधारण एक मीटर वायर सोडतो, म्हणजे खाली जायला दीड तास आणि वर यायला दीड. पेटी टेकली की वायरवरचा ताण उतरतो. तो आकडा बघत विंच चालवणारा माणूस या मोहिमेतला अतिशय महत्त्वाचा माणूस असतो. झाकण नीट लागलं नाही तर वर येईपर्यंत सगळं धुऊन जातं आणि पुन्हा तीन तास.

वडी वर आली की व्हिडिओत दिसतं तसं काहीच दिसत नाही. तपकिरी चिखल. वरचं पाणी हळूच काढायचं, गोळे उचलून त्यांना चिकटलेलं बघायचं, मग शून्य ते दोन, दोन ते पाच, पाच ते दहा सेंटिमीटर असे थर वेगळे करायचे आणि गाळलेल्या थंड समुद्राच्या पाण्याने ३०० मायक्रॉनच्या, म्हणजे ०.३ मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीवर सावकाश धुवायचे. पाण्याचा जोर वाढवला तर वलयी कृमींचे तुकडे होतात आणि डोकं नसलेल्या कृमीची ओळख पटत नाही. चाळणीवर राहतात ते कृमी, इवले कवचधारी, शिंपले. बहुतेक तांदळाच्या दाण्याहून लहान. याहून बारीक सूत्रकृमींसाठी वेगळा नमुना लागतो. खोल समुद्रातल्या जीवसृष्टीचा बहुतांश भाग असा आहे, आणि तुझ्या व्हिडिओंमध्ये तो कधी येणार नाही. माझ्या मते खरं नवल तिथेच आहे. पॅसिफिक महासागरातल्या अशाच गोळ्यांच्या प्रदेशाचा २०२३ मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा साडेपाच हजारांच्या आसपास जातींपैकी सुमारे ९० टक्के जातींना अजून शास्त्रीय नावही नाही असं दिसलं.

नमुना हाती आला की घाई नको आणि उशीरही नको. आधी रंगीत फोटो, बाजूला मोजपट्टी ठेवून, कारण अल्कोहोलमध्ये रंग काही दिवसांत जातो. मग डीएनएसाठी ऊतीचा छोटा तुकडा तीव्र अल्कोहोलमध्ये. बाकीचं शरीर रचनेच्या अभ्यासासाठी फॉर्मेलिनमध्ये. फॉर्मेलिनने डीएनए खराब होतो, म्हणून हा क्रम उलटा करता येत नाही. आणि लेबल. जाड, पाण्यात न विरघळणाऱ्या कागदावर, पेन्सिलने, बाटलीच्या आत. शाई अल्कोहोलमध्ये उतरते, बाहेर चिकटवलेला कागद गळून पडतो. स्टेशन क्रमांक, अक्षांश-रेखांश, खोली, उपकरण, तारीख, वेळ. रात्री तीन वाजता, जहाज हलत असताना, बोटं गारठलेली असताना हे लिहावं लागतं. या क्षेत्रात कोण टिकेल हे मी त्या लेबलावरून सांगू शकते.

याची किंमत नंतर कळते. कोणताही प्राणी गोळा केल्यापासून त्याला नाव मिळेपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात असं एका अभ्यासात दिसलं आहे. तोवर गोळा करणारी माणसं निवृत्त झालेली असतात, बाटलीतल्या कागदाशिवाय सांगणारं कुणी नसतं. हिंद महासागरातल्या काइरेई उष्णजल विवराजवळ, म्हणजे तळातून गरम पाणी बाहेर पडतं अशा जागी, सुमारे २,४०० मीटरवर, २००१ मध्ये एक गोगलगाय सापडली. तिच्या पायावर खवले आणि त्या खवल्यांवर लोहाच्या सल्फाइडचा थर. तिला क्रायसोमॅलन स्क्वामिफेरम हे नाव औपचारिकरीत्या मिळालं २०१५ मध्ये. त्याच जातीची दुसऱ्या विवरातली गोगलगाय पांढरी निघाली, तिच्या खवल्यांवर लोह नाही, कारण तिथल्या पाण्यातच लोह फार कमी. दोन्ही बाटल्यांवर जागा लिहिलेली नसती तर आपण त्या दोन वेगळ्या जाती मानल्या असत्या. २०१९ मध्ये ती संकटग्रस्त यादीत आली. खोल समुद्रातल्या खाणकामाच्या धोक्यामुळे यादीत आलेली ती पहिली जात.

खाणकामाबद्दल मी तटस्थ नाही. भारताने २०२१ मध्ये खोल महासागर मोहीम मंजूर केली, पाच वर्षांसाठी ४,०७७ कोटी. तीन माणसांना ६,००० मीटरवर नेणारी मत्स्य-६००० पाणबुडी त्यातूनच घडते आहे. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या संस्थांनी हिंद महासागरात ४,५०० मीटरवरच्या सक्रिय विवराचं छायाचित्र मिळवलं. मला याचा मनापासून अभिमान आहे. पण पेरूच्या किनाऱ्यापासून दूर खोल तळावर १९८९ मध्ये प्रयोग म्हणून नांगरलेल्या खुणा २६ वर्षांनंतरही तशाच दिसत होत्या. आपल्या शास्त्रज्ञांनीही १९९७ मध्ये मध्य हिंद महासागरात तळ मुद्दाम ढवळून परिणाम तपासले. जिथल्या बहुतेक रहिवाशांना नाव नाही, तिथे काय नष्ट झालं ते आपल्याला सांगताही येणार नाही. गोळे काढण्याआधी चिखलातल्या कृमींची यादी पूर्ण व्हायला हवी, आणि ती करणारी माणसं देशात फार थोडी आहेत. तुझ्यासारख्या मुलींची गरज तिथे आहे.

नागपुरात बसून काय करता येईल? पुष्कळ. या गावाला नोंदींची जुनी परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी इथल्या टाकळीजवळच्या थरांतून जीवाश्म झालेल्या गोगलगायी गोळा केल्या. कुठल्या थरातून, लाव्हाच्या खालून की मधून, हे त्यांनी नोंदवलं. म्हणून त्या गोगलगायी गोड्या पाण्यातल्या होत्या आणि दख्खनच्या लाव्हाच्या दोन लोंढ्यांमधल्या काळात तिथे तळं होतं, हे आपण आजही ठामपणे सांगू शकतो.

तू फुटाळा किंवा अंबाझरी तलावाचा गाळ घे. कॉलेजची परवानगी आणि सोबत कुणीतरी घेऊन, हातमोजे घालून. बारीक जाळीच्या नायलॉन कापडाची चाळणी कर आणि गाळ सावकाश धू. तुला लाल अळ्या मिळतील, डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माशीच्या. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा असतो, कमी ऑक्सिजनच्या गाळात जगण्यासाठी. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे ट्युबिफेक्स कृमीही दिसतील, त्यांचंही तेच. अरबी समुद्राच्या उतारावर कमी ऑक्सिजनचा पट्टा तळाला टेकतो, तिथल्या कृमींमध्ये याच अडचणीवर दुसरा उपाय दिसतो: मोठे, फांद्या फुटलेले कल्ले. पावसाळ्यात, हिवाळ्यात आणि मेच्या उन्हात एकाच जागेचा गाळ घे, तापमान लिही, मोजणी कर. लेबल पेन्सिलने, बाटलीच्या आत. हेच काम जहाजावर करायचं आहे.

पुढचं शिक्षण थोडक्यात सांगते. एमएस्सी प्राणिशास्त्रात इथेच करता येईल किंवा सागरी जीवशास्त्रात कोची, गोवा, परंगीपेट्टई इथे. प्रबंधासाठी गोव्याच्या किंवा कोचीच्या संस्थेत जागा मिळते का ते एमएस्सीच्या पहिल्याच सत्रात विचार, उशीर करू नकोस. मग नेटची परीक्षा, आणि प्रकल्पातली नेमणूक. बहुतेकांची पहिली मोहीम अशा प्रकल्पातूनच होते. जहाज लागण्याची भीती असेल तर ती दोन-तीन दिवसांत बहुतेकांची जाते. पोट रिकामं ठेवू नये, क्षितिजाकडे बघावं, गोळी प्रवास सुरू होण्याआधी घ्यावी.

आणि एक गट निवड. सगळे प्राणी थोडे थोडे येणारी माणसं खूप असतात, एक गट नीट येणारा माणूस प्रत्येक मोहिमेला हवा असतो. मला विचारशील तर पॉलिकीट म्हणजे समुद्री वलयी कृमी घे. खोल गाळातल्या, चाळणीवर राहणाऱ्या प्राण्यांमध्ये बहुधा त्यांचीच संख्या सर्वांत जास्त भरते आणि त्यांचे जाणकार आपल्याकडे कमी आहेत. सुरुवातीला किनाऱ्यावरचे नमुने मागवून घे, त्यांचे राठ केस सूक्ष्मदर्शकाखाली काढून बघ, प्रत्येक खंडाचं चित्र हाताने काढ. पहिल्या वर्षी कुळापर्यंत ओळख पटली तरी पुष्कळ झालं.